दुखऱ्या पायांची सोबत

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या रस्त्यांवरून एक मिरवणूक चवदार तळ्याकडे निघाली. पुढे चालत होते डॉ. भीमराव आंबेडकर. वय छत्तिशीला टेकलेले, शरीर दणकट, चाल ठाम. तळ्याच्या पायऱ्या उतरून त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यांच्यामागे आलेल्या हजारो माणसांनीही ते प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी ते पुन्हा महाडला आले. धरमतरमार्गे मोटारीने येणे कठीण झाले होते, म्हणून मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने मंडळी दासगावच्या बंदरात उतरली. तिथून पाच मैलांवरच्या महाडपर्यंत सत्याग्रही रांगा करून चालत गेले.

पुढे त्याच कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याला बाबासाहेबांनी बळ दिले. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. सभा, परिषदा, कोर्ट आणि दौरे यांत गेलेली ही वर्षे. या सगळ्यात पाय आपल्याला साथ देतात, याचा विचारही माणूस करत नाही. पाय दुखू लागले की मग तो सुरू होतो.

महाडनंतर एकोणतीस वर्षांनी नागपूरच्या व्यासपीठावर लाखोंच्या समुदायासमोर तेच बाबासाहेब उभे राहिले, तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात सहायक नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता. या दोन दिवसांमधली राजकीय वाटचाल सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात मधुमेह, उच्च रक्तदाब, मज्जातंतूंचा दाह आणि संधिवात एवढी दुखणी सोबत घेऊन त्यांनी रोजचा दिवस कसा रेटला, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सकाळी पलंगावरून उठताना ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांच्यासाठी ती हकिकत मोलाची आहे.

झोप, जेवण आणि एकटेपणा

१४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या बाबासाहेबांनी तरुणपणी शरीराला फारशी विश्रांती दिली नाही. लंडनमधल्या विद्यार्थिदशेत सकाळी तुटपुंजी न्याहारी, दिवसभर ग्रंथालय आणि रात्री भाजलेल्या पापडांवर भूक भागवून पुन्हा अभ्यास, असा क्रम होता. मायदेशी परतल्यावर वकिली, अध्यापन, वृत्तपत्र आणि चळवळ यांमुळे जेवणाच्या व झोपेच्या वेळा कधी ठरल्याच नाहीत. दादरच्या ‘राजगृहा’त पुस्तकांच्या सोबतीने रात्र सरत असे. २७ मे १९३५ रोजी पत्नी रमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर वेळेवर जेवा, आता झोपा, असे हक्काने सांगणारे माणूस घरात उरले नाही.

मधुमेह, रक्तदाब आणि सांध्यांची झीज ही दुखणी एका कारणाने होत नाहीत. त्यांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, वयाचा असतो, वजनाचा असतो. अपुरी झोप, अनियमित जेवण आणि तासन्‌तास एका जागी बसून केलेले काम यांमुळे ती बळावतात. पन्नाशी ओलांडली तेव्हा बाबासाहेबांच्या शरीरात ही दुखणी एकमेकांच्या हातात हात घालून उभी होती.

घटनेचा मसुदा आणि रात्रीची वेदना

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. समितीत सात सभासद होते. पण कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी परदेशी होते, तर कोणी प्रकृतीमुळे किंवा अन्य कामांमुळे दिल्लीपासून दूर राहिले. मसुद्याचा मोठा भार अध्यक्षांवरच पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पुढे घटना समितीतच सांगितले. सभासदांच्या गैरहजेरीचे एक कारण म्हणून प्रकृतीचा उल्लेख तिथे झाला. ज्यांनी भार उचलला, त्या अध्यक्षांची प्रकृतीही तेव्हा ठीक नव्हती.

फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा पूर्ण झाला. याच सुमारास पायांच्या वेदनेने बाबासाहेबांना रात्र रात्र झोप येत नसे. इन्सुलिन सुरू होते, होमिओपॅथीची औषधेही घेऊन झाली होती.

ही वेदना समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडे पायात दुखले की सरसकट ‘वात’ म्हणण्याची पद्धत आहे. सांध्याचे दुखणे आणि मज्जातंतूचे दुखणे यांत फरक आहे. झिजलेला गुडघा चालताना, जिना चढता-उतरताना, मांडी घालताना दुखतो आणि बसल्यावर बहुधा शांत होतो. मधुमेहाने मज्जातंतू दुखावले की उलटे घडते. दिवसा कामात विसर पडतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे वाटते. काहींना चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. दोन्ही दुखणी एकाच माणसात असली, तर दिवस सांधा खातो आणि रात्र मज्जातंतू.

मधुमेह सांध्यांनाही सोडत नाही. अनेक वर्षांच्या मधुमेहात खांदा आखडतो, बोटे ताठरतात. नमस्कार करताना दोन्ही तळवे पूर्ण जुळेनासे होतात. सांधे दुखतात म्हणून चालणे कमी होते, चालणे कमी झाले की वजन व साखर वाढते, साखर वाढली की मज्जातंतू आणखी दुखावतात आणि झोप उडते. झोप उडाली की दुसऱ्या दिवशी वेदना अधिक जाणवते. बाबासाहेब या फेऱ्यात सापडले होते.

त्या काळी डॉक्टरांच्या हातात साधने किती होती, हेही पाहायला हवे. इन्सुलिनचा शोध १९२१ मधला. ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढत. काचेची सिरिंज आणि सुई दर वेळी उकळून घ्यावी लागे. बोटाला टोचून घरी साखर पाहण्याचे यंत्र नव्हते. लघवीत बेनेडिक्टचे निळे द्रावण मिसळून ते तापवत. रंग हिरवा झाला की साखर थोडी, विटेसारखा लाल झाला की भरपूर. सांध्यांसाठी ॲस्पिरिनच्या जातीची औषधे, शेक आणि मालिश. कॉर्टिझोन हे स्टेरॉइड संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिले गेले ते सप्टेंबर १९४८ मध्ये, अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले. पण हे औषध साखर वाढवते, म्हणून मधुमेह्याच्या बाबतीत ते दुधारी शस्त्र ठरते. गुडघ्याच्या सांधेबदलाची आजची शस्त्रक्रिया तर पुढच्या पिढीतली.

घरात आलेली डॉक्टर

उपचारांसाठी बाबासाहेब मुंबईला डॉ. मालवणकर यांच्याकडे येत. तिथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकलेल्या या डॉक्टर स्वतःही प्रकृतीच्या कुरबुरींतून गेल्या होत्या. बाबासाहेबांना नुसत्या औषधाच्या चिठ्ठीची नव्हे, तर जेवण, झोप, इन्सुलिन आणि विश्रांती यांकडे रोज पाहणाऱ्या माणसाची गरज आहे, असे डॉक्टरांचे मत पडले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदाबाई सविता झाल्या आणि पुढे माईसाहेब म्हणून ओळखल्या गेल्या.

दीर्घ आजाराच्या व्यवस्थापनात हा टप्पा महत्त्वाचा असतो. तोवर आजार हा कामात येणारा अडथळा होता. आता तो दिनक्रमाचा भाग झाला. इन्सुलिनची वेळ, खाण्याचे पथ्य, पायांची मालिश आणि सक्तीची विश्रांती हे सगळे घरात बसवले गेले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचा भार उचलला, त्याने स्वतःचा थोडा भार दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. घरोघरच्या कर्त्या स्त्री-पुरुषांचे इथेच अडते. लावणीचा चिखल तुडवलेली, बाजारात दिवसभर उकिडवी बसून मासे विकलेली बाई गुडघे सुजले तरी सुनेला पाण्याची कळशी उचलू देत नाही. मदत मागितली की आपले घरातले स्थान गेले, असे तिला वाटते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्यानंतर वर्षभर कलमावार चर्चा चालली. उठायचे, उत्तर द्यायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. गुडघे आणि पाय दुखणाऱ्याला ही उठबस म्हणजे काय असते, ते वेगळे सांगायला नको. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली.

उपचार आधी की काम?

१९५१ मध्ये प्रकृतीने पुन्हा इशारा दिला. हिंदू कोड बिल रखडले होते. १० ऑगस्टला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या प्रकृतीची काळजी आपल्याला आणि डॉक्टरांनाही वाटते. सलग उपचारांसाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हे बिल मार्गी लागावे, असा त्याचा आशय होता. बिल मार्गी लागले नाही. २७ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि मुक्काम २६, अलीपूर रोड इथे हलवला.

काम संपले की उपचार, हा हिशेब त्या प्रसंगी त्यांनी केला. तो त्यांचा निर्णय होता आणि त्यामागचे कारण मोठे होते: स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा. पण वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर ज्या आजाराला सुट्टी नसते, त्याच्या उपचारालाही सुट्टी देता येत नाही. मुलीचे लग्न होऊ दे, गणपती होऊ देत, शेतीची कामे आटपू देत, मग दाखवू, असे म्हणत आपण जे महिने घालवतो, त्यांत सांध्याची कूर्चा झिजत राहते आणि तळव्याची संवेदना कमी होत जाते. गेलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही.

मंत्रिपद गेल्यावर त्यांनी कामाची वाटणी मात्र बदलली. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची उभारणी सुरू होती. जून १९५२ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारली. पण दिवसाचा गाभा हळूहळू लेखनाच्या टेबलाशी आला. बुद्ध आणि त्याच्या धम्मावरचा मोठा ग्रंथ त्यांनी १९५१ मध्ये हाती घेतला. पाय साथ देत नव्हते. डोके आणि हात देत होते. जे शाबूत आहे त्यावर उरलेली शक्ती लावायची, असा हा व्यवहार होता.

१९५४ पासून प्रकृती वारंवार ढासळू लागली. दृष्टी मंदावली. आधाराशिवाय चालणे अवघड झाले. धाप लागू लागली आणि ऑक्सिजन घ्यावा लागे. तरीही त्या वर्षाच्या डिसेंबरात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले आणि परत येऊन २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. ग्रंथाच्या लेखनाला पाच वर्षे लागली. त्या काळात प्रकृती अनेकदा अगदी हाताबाहेर गेली होती आणि आपण तगलो ते पत्नीच्या व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे त्यांनी १९५६ मधल्या प्रस्तावनेत कृतज्ञतेने नोंदवले. स्वतःच्या दुखण्याबद्दल आणि घेतलेल्या मदतीबद्दल त्यांनी लपवाछपवी केली नाही.

काठी आणि खांदा

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. पांढऱ्या वेशातले बाबासाहेब काठी टेकत, रत्तूंच्या खांद्याचा आधार घेत व्यासपीठावर आले. त्यांनी दीक्षा घेतली आणि समोरच्या लाखोंना दिली. दुसऱ्या दिवशी तिथेच दीर्घ भाषण केले आणि पुढे चंद्रपूरला गेले. नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बोलून, सारनाथ वगैरे करून महिनाअखेरीस ते दिल्लीला परतले.

त्या काठीने आणि खांद्याने व्यासपीठावरच्या माणसाची उंची तसूभरही कमी झाली नाही. आपल्याकडे मात्र काठी घरात येते ती फार उशिरा, बहुधा एखाद्या पडझडीनंतर. लोक काय म्हणतील या संकोचाने माणसे भिंतीला धरून चालतात आणि ओल्या अंगणात घसरतात. योग्य काठीमुळे दुखऱ्या गुडघ्यावरचा भार लक्षणीय कमी होतो. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. ताठ उभे राहून हात खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. टोकाला रबर हवे आणि ते झिजले की बदलायला हवे, विशेषतः पावसाळ्यात शेवाळ धरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या असतील तर. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

बाबासाहेबांच्या काळात जे नव्हते, ते आज तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत आले आहे. सकाळी बोटे किंवा मनगटे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असतील, सांधे सुजून गरम होत असतील, तर तो नुसता वयाचा परिणाम नाही. ऱ्हुमॅटॉइडसारख्या संधिवातावर आज सांधा वाकडा होण्यापासून वाचवणारी औषधे आहेत. पण ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर अधिक उपयोग. झिजेच्या संधिवातात मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे हाच पाया आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, खाली आणायचा. दिवसातून दोन वेळा दहा-दहा वेळा. खाली बसण्याऐवजी खुर्ची, उंच बैठकीचे शौचालय, ओट्याशी उभे राहून स्वयंपाक आणि अवघड कामांमध्ये थोडी विश्रांती, एवढ्या बदलांनी दिवस हलका होतो.

मधुमेह आणि सांधेदुखी दोन्ही असणाऱ्यांनी आणखी काही सांभाळायला हवे. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला धोका करतात आणि रक्तदाब वाढवतात. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने साखर भडकते, हाडे ठिसूळ होतात. तळवे रोज रात्री पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा ठेवून किंवा घरच्या माणसाकडून. शेक घेताना पाण्याची उष्णता पायाने नव्हे, हाताच्या कोपराने तपासावी, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. वाळूत, खळ्यात, मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे टाळावे. मधुमेह्याचा पाय अचानक सुजला, गरम झाला आणि फारसा दुखत नसला, तरी मुरगळला असेल म्हणून चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेवटची रात्र

४ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब राज्यसभेत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी रात्री अलीपूर रोडच्या घरी रत्तूंनी त्यांचे पाय चेपून दिले, डोक्याला तेल लावले. बुद्धवंदनेची ध्वनिमुद्रिका लावली गेली. आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी पुन्हा पाहायला मागून घेतले. झोपेतच, ६ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी, त्यांचे निधन झाले. वय पासष्ट. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ती शेवटची आठ-नऊ वर्षे वेदनेत गेली, आणि त्याच वर्षांत घटनेचा मसुदा, हिंदू कोड बिलाचा लढा, मिलिंद महाविद्यालय, एक मोठा ग्रंथ आणि धर्मांतर झाले. औषधे तोकडी होती. पण पथ्य सांभाळणारी डॉक्टर पत्नी होती, खांदा देणारा सहायक होता, रात्री चेपायला कोणाचे तरी हात होते. आजारी माणसाच्या औषधांच्या यादीत या गोष्टी कधी लिहिल्या जात नाहीत. घरातल्या कोणाचे पाय दुखत असतील तर आज रात्री त्यांचे तळवे उजेडात नीट पाहा, आणि येत्या आठवड्यात साखर, रक्तदाब व सांधे एकदा तपासून घ्या.